‘काही नाही, बसलोय’: स्वस्थ, निवांत, रिकामटेकडा की ढिम्म? काही न करण्याचे मराठी शब्द कुणासाठी कोणते?

“काय करतोयस?”

“काही नाही, बसलोय.”

व्हॉट्सॲपवर हा संवाद तुम्ही किती वेळा टाइप केला असेल, याचा हिशेब लागणार नाही. माहिती म्हणाल तर त्यात काहीच नाही. पण तेच वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल बोलून बघा. नोकरी गेलेल्या मुलाबद्दल शेजारी म्हणतात, “घरी बसलाय.” निवृत्त झालेल्या काकांबद्दल म्हणतात, “आता निवांत असतात.” सुनेबद्दल म्हणतात, “दिवसभर घरीच तर असते.” आणि रस्त्यातला खड्डा महिनाभर न बुजवणाऱ्या कार्यालयाबद्दल बातमीत छापून येतं, “प्रशासन ढिम्म.”

वरवर बघितलं तर चौघंही जागचे हललेले नाहीत. तरी शब्द वेगवेगळे, आणि प्रत्येक शब्दात निकाल आधीच लागलेला. काकांनी आराम कमावलाय, मुलगा वाया चाललाय, सुनेला काम नाही आणि प्रशासनाला लाज नाही.

मराठीत काही न करण्यासाठी कोरा, कुणाची बाजू न घेणारा शब्द शोधायला गेलात तर ‘निष्क्रिय’पाशी येऊन थांबाल. तो घरात कुणी बोलत नाही. बाकीच्या प्रत्येक शब्दात कोण बसलंय आणि त्याच्याकडे कोण बघतंय, हे दडलेलं असतं. म्हणून हे शब्द नीट बघायला हवेत. विशेषतः आपण ते दुसऱ्याच्या पोस्टखाली टाइप करतो तेव्हा.

बसणे: एक क्रियापद, हजार भानगडी

सुरुवात ‘बसणे’पासूनच करू. दिसायला हे साधं क्रियापद आहे, पण मराठीत ते कुठे कुठे जाऊन बसलंय बघा.

धंदा बसतो, आवाज बसतो, टायर बसतो, पावसात जुनी भिंत बसते. इथे बसणं म्हणजे खचणं. पण चार महिने पोळ्या लाटल्या की हात बसतो, नव्या घरात हळूहळू घडी बसते, माणसावर विश्वास बसतो, शर्ट अंगावर नीट बसतो. इथे बसणं म्हणजे जागेवर येणं, पक्कं होणं. म्हणजे ‘दुकान बसलं’ ही वाईट बातमी आणि ‘हात बसला’ ही चांगली. शुक्रवारी संध्याकाळी मित्राचा “बसायचं का?” असा मेसेज आला, तर त्याचा अर्थ इथे समजावून सांगायची गरज नसावी.

खरी गंमत हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला चिकटतं तेव्हा होते. ‘तो वाचत राहिला’ आणि ‘तो वाचत बसला’ या दोन वाक्यांत माणूस तोच, पुस्तक तेच, वेळही तेवढाच. पहिल्या वाक्यात चिकाटी दिसते. दुसऱ्यात कुणीतरी कमरेवर हात ठेवून दारात उभं आहे आणि गॅसवरचं दूध उतू गेलंय. ‘मोबाइल बघत बसला’, ‘गप्पा मारत बसल्या’, ‘रडत बसू नकोस’ या सगळ्यांत बोलणाऱ्याचा वैताग ‘बसणे’नेच आणलाय. ‘चूक करून बसला’ म्हटलं की त्यात पस्तावाही येतो.

आता ‘बसल्या बसल्या’ घ्या. “बसल्या बसल्या एवढी भाजी निवडून दे.” बसलेल्या माणसाचे हात मोकळे आहेत, म्हणजे ते कामाला उपलब्ध आहेत, असं हा शब्दप्रयोग गृहीत धरतो. आमच्या घरात हे वाक्य आईला, मला आणि आजीला ऐकवलं गेलंय. बाबांना ऐकवलेलं मला आठवत नाही.

‘घरी बसणे’चा प्रवास तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराला ‘मतदारांनी घरी बसवलं’ असं मथळ्यात येतं. मुलीचं शिक्षण थांबवलं की ‘तिला घरी बसवली’. दोन्हीकडे बसवणारा वेगळा आणि बसणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. उलट जाहिरातीत ‘घरबसल्या’ हा लाडका शब्द. घरबसल्या शिका, घरबसल्या कमवा. (अनोळखी नंबरवरून ‘घरबसल्या दिवसाला पाच हजार’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच समजा.) मग २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला आणि कालपर्यंतची शिवी एका रात्रीत नागरिकाचं कर्तव्य झाली. ‘घरी बसा’ हे आवाहन झालं. ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर होतं त्यांच्यासाठी मात्र ‘घरी बसणे’चा जुना अर्थ तसाच राहिला.

स्वस्थ, निवांत, शांत, स्तब्ध: हे एकमेकांऐवजी चालत नाहीत

‘स्वस्थ’ हा शब्द मराठीत आणि हिंदीत दिसायला सारखा, पण अर्थ वेगळा. मूळ संस्कृत फोड ‘स्व’ अधिक ‘स्थ’. स्वतःमध्ये, स्वतःच्या जागी असलेला. हिंदीने त्यातून ‘निरोगी’ हा अर्थ उचलला. मराठीने ‘न हलणारा, गडबड न करणारा’ हा. म्हणून हिंदीतल्या घोषणा जशाच्या तशा मराठीत आल्या की घोटाळा होतो. ‘स्वस्थ राहा’ असं पोस्टरवर वाचून हिंदी माणूस फळं खाईल. मराठी माणूस हातपाय न हलवता बसून राहील, कारण लहानपणापासून त्याने ‘स्वस्थ बस की जरा’ एवढंच ऐकलंय. ‘अस्वस्थ’चं तेच. हिंदी बातमीत नेता अस्वस्थ असेल तर तो आजारी आहे. मराठीत अस्वस्थ असेल तर बहुतेक तिकीट कापलं गेलंय. ‘स्वास्थ्य’ला मात्र मराठीतही तब्येतीचा अर्थ आहे, तिथे दोन्ही भाषा एका बाकावर आहेत.

‘निवांत’चं नातं संस्कृतातल्या ‘निवात’शी, म्हणजे वारा नसलेल्या जागेशी लावलं जातं. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्थिर मनाला वारा नसलेल्या जागी तेवणाऱ्या दिव्याची उपमा आहे, तिथे हाच ‘निवात’ येतो. आज आपण निवांत म्हणतो तेव्हा त्यात घाई नसणं महत्त्वाचं असतं. काम चालू असलं तरी चालेल. ‘निवांत चहा पिऊ’ म्हणजे चहा प्यायचाच आहे, पण घड्याळ न बघता. ‘स्वस्थ’ शरीराबद्दल बोलतं, ‘निवांत’ वेळेबद्दल.

‘शांत’मध्ये आधी काहीतरी उसळलेलं होतं, ते शमलं, अशी छटा आहे. राग शांत होतो, वादळ शांत होतं, पोटातली आग शांत होते. देवापुढचा दिवा विझला असं म्हणणं अशुभ वाटतं, म्हणून अनेक घरांत ‘दिवा शांत झाला’ म्हणतात. दंगलीनंतरच्या बातम्यांत येणारी ‘तणावपूर्ण शांतता’ ऐकून ऐकून गुळगुळीत झालीय, पण शब्द म्हणून ती नेमकी आहे. ज्वर उतरलेला नाही, फक्त कुणी ओरडत नाहीये.

आणि ‘स्तब्ध’? हा ‘स्तंभ’चा सख्खा भाऊ. दोघं एकाच धातूपासून आलेले. स्तब्ध माणूस खांबासारखा ताठ असतो. म्हणून ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दोन मिनिटं ‘स्तब्ध उभं’ राहायचं असतं, ‘निवांत उभं’ नाही. धक्कादायक बातमी ऐकून गाव स्तब्ध होतं, त्यातही गोठून जाणं आहे. सुट्टीच्या फोटोखाली ‘समुद्रकिनारी स्तब्ध क्षण’ असं कॅप्शन टाकणाऱ्यांना बहुधा ‘निवांत’ म्हणायचं असतं.

गोव्यात याच कुळातला एक शब्द आहे, ‘सुशेगाद’. पोर्तुगीज ‘सोसेगादू’वरून कोकणीत आलेला, अर्थ शांत, निश्चिंत. पर्यटनाच्या जाहिरातींनी तो इतका वापरला की गोंयकार म्हणजे काम न करणारा माणूस, असा बाहेरच्यांचा समज झाला. ‘सुशेगाद’ म्हटलं की वैतागणारे गोंयकार भेटतात ते यामुळेच. पहाटे होडी घेऊन जाणाऱ्या मच्छीमाराला कुणी दुपारी तीन वाजता झोपलेलं बघितलं, तर त्याला आळशी म्हणायचं का?

जागेच्या शांततेसाठीही मराठीकडे बराच माल आहे, तो थोडक्यात. जिथे एरवी गर्दी असते तिथे कुणीच नसलं की ‘शुकशुकाट’. रात्र झाली, सगळे झोपले की ‘सामसूम’. गुरुजी वर्गात आले की ‘चिडीचूप’. उत्तर देणारं कुणी उरलेलंच नसलं की ‘स्मशानशांतता’. बाजारपेठ बंद असताना ‘सामसूम’ लिहिलं तर चूक नाही, पण ‘शुकशुकाट’ने जे काम होतं ते होत नाही.

रिकामा, आळशी, ऐदी: इथून शिव्या सुरू

‘रिकामा’ हा शब्द भांड्यालाही लागतो आणि माणसालाही. भांडं रिकामं असणं ही नुसती स्थिती आहे. माणूस रिकामा असणं हा आरोप होतो. ‘रिकामटेकडा’, ‘रिकामचोट’, ‘रिकामा उद्योग’ ही पुढची पिल्लं. यातल्या ‘रिकामा उद्योग’ची रचना बघा. माणूस काहीतरी करतोय, तरी ते करणं मोजलं जात नाही.

इथे एक म्हण हमखास येते, ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’. तुंबडी म्हणजे शरीरातलं दूषित मानलेलं रक्त ओढून काढायचं साधन, आणि पूर्वी हे काम न्हावी करत. गिऱ्हाईक नसलं तर तो भिंतीलाच तुंबड्या लावतो, असा टोमणा. म्हण मजेशीर आहे, पण रिकामपणासाठी बोट कुणाकडे दाखवलंय तेही बघा. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून बसलेल्या कारागिराकडे. पिढ्यान्‌पिढ्या बसून खाणाऱ्या वतनदाराची म्हण काही शाळेत शिकवली नाही.

‘आळशी’ आणि ‘ऐदी’ आपण एकाच दमात म्हणतो, पण त्यांचे रस्ते वेगळे. आळस संस्कृतातून आला. ‘ऐदी’मागे मुघल दरबार आहे. अकबराच्या काळात थेट बादशहाच्या अखत्यारीत असलेल्या स्वारांना ‘अहदी’ म्हणत. ‘अहद’ म्हणजे अरबीत एक, त्यावरून एकटा, कुणा सरदाराच्या तुकडीत नसलेला. मोठं काम निघालं तरच त्यांना बोलावणं यायचं, एरवी पगार चालू आणि काम नाही. लोकांनी त्यांना बघून बघून शब्दाचा अर्थच बदलला. हिंदीत ‘अहदी’ म्हणजे आळशी झाला, मराठीत ‘ऐदी’. सरकारी पदनामाची शिवी झाल्याचं हे जुनं उदाहरण.

हा आरोप कायद्यातही शिरलाय. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या नुसता हात पसरण्यापुरती नाही. उदरनिर्वाहाचं उघड साधन नसताना, भीक मागून जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी भटकणं किंवा नुसतं थांबून राहणंही त्यात येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातल्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. म्हणजे चांगले कपडे घालून मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलात तर तुम्ही ‘निवांत’. फाटके घालून बसलात तर तुमच्यासाठी कलम आहे.

त्या कठड्यावर बाई एकटी बसली तर? पुरुषांना गावात पार आहे, शहरात कट्टा आहे. बाईला बाहेर थांबायचं तर कारण लागतं: बसची वाट, मुलाची शाळा, भाजीची पिशवी. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायका आणि रस्त्यांबद्दलचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यातला मुद्दा हाच: बाईला काही कारण नसताना शहरात रेंगाळता आलं पाहिजे. ‘लॉयटर’ला मराठीत काय म्हणायचं, याची आम्ही एकदा ऑफिसात यादी केली. उंडगणे, हुंदडणे, उनाडक्या करणे, भटकणे. मुलीला लावून बघा, यातला एकही शब्द शाबासकीचा राहत नाही. ‘रेंगाळणे’ तेवढा बरा निघाला.

“आई काय करते?” “काही नाही, घरीच असते.”

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय असे दोन रकाने असायचे. दुसऱ्यात मी ‘गृहिणी’ लिहायचे. तोंडी विचारलं तर “काही नाही, घरीच असते” म्हणायचे. आई बाजूला उभी असायची. तिने कधी मला दुरुस्त केलं नाही.

या ‘काही नाही’चं मोजमाप उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या ज्या बायका घरातली बिनपगारी कामं करतात, त्या त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे जवळपास पाच तास. स्वयंपाक, धुणं, झाडलोट यांचे हे तास आहेत. मुलांची, म्हाताऱ्यांची काळजी यात धरलेली नाही, ती वेगळी मोजतात.

गंमत म्हणजे फक्त घरकाम करणाऱ्या व्यक्तीला रोजगाराच्या सरकारी आकडेवारीत ‘श्रमशक्तीबाहेर’ धरलं जातं. एका सरकारी कागदावर पाच तास काम, दुसऱ्यावर कामच नाही. जानेवारी २०२१ मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणी काम करत नाहीत ही समजूत चुकीची असल्याचं म्हटलं आणि त्यांच्या कामाचं पैशात मोल धरण्याची बाजू घेतली. फॉर्मवरचा रकाना आणि आपलं तोंड, दोन्ही अजून तिथेच आहेत. ‘नुसती’ हा छोटा शब्द ऐका. “नुसती घरी असते.” हेच ‘नुसता’ कामावर जाणाऱ्याला कुणी लावत नाही, मग तो तिथे दिवसभर रील्स का बघत असेना.

दुसरी एक जागा आहे जिथे चुकीचा शब्द महागात पडतो. कॉलेजातला मुलगा अंथरुणातून उठत नाही, आंघोळ टाळतो, आवडता क्रिकेटचा सामनाही बघत नाही. घरचे म्हणतात, “आळशी झालाय, मोबाइलने वाट लावली.” असेलही. पण आवडत्या गोष्टींतही रस न उरणं, सतत थकवा, हालचाल मंदावणं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज चालणं, ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं. नैराश्यातल्या माणसाला लोळण्यातही नसतं. मराठीत त्यासाठी शब्द आहेत: उमेद नाही, मन लागत नाही, हातपाय गळाले, अवसान गेलं. ते वापरले तर निदान पुढचा प्रश्न विचारला जातो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

खोळंबा, रखडपट्टी, भिजत घोंगडं: थांबलंय, पण थांबवलं कुणी?

आता आमच्या धंद्याकडे येते. काम अडकण्याचे शब्द बातम्यांत रोज लागतात आणि घाईत एकाच्या जागी दुसरा जातो.

‘खोळंबा’ माणसांचा होतो, आणि दुसऱ्याच्या कारणामुळे होतो. सिग्नल बिघडला, प्रवाशांचा खोळंबा झाला. ‘रखडणे’ला लांबलेला काळ लागतो. दहा मिनिटं उशिरा आलेली लोकल रखडलेली नसते, दहा वर्षं अर्धवट उभा असलेला उड्डाणपूल रखडलेला असतो. ‘ठप्प’ म्हणजे पूर्ण बंद, काहीच हालत नाही. गाड्या चालू आहेत पण वेळापत्रक कोलमडलंय, तर ‘विस्कळीत’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबई ठप्प झाली होती. दर पावसाळ्यातल्या पहिल्या सरीला ‘ठप्प’ लिहिलं की त्या दिवसासाठी शब्द उरत नाही. पाण्याचंही तसंच. खोलगट जागेत पाणी ‘साचतं’. जायची वाट बुजली की ‘तुंबतं’. ‘मुंबईची तुंबई’ हा घासून गुळगुळीत झालेला विनोद इतकी वर्षं टिकला, कारण त्यात नाल्याचा उल्लेख न करता नाल्याबद्दल बोललं जातं.

सरकारी फायलींसाठी तर खास शब्दकोश आहे. घोंगडं भिजत पडतं, प्रस्ताव बासनात गुंडाळला जातो. (बासन म्हणजे कागदपत्रं बांधून ठेवायचं फडकं. फडकी गेली, गुंडाळणं राहिलं.) अहवाल धूळ खात पडतो, प्रकरण प्रलंबित राहतं. ‘प्रलंबित’ म्हणजे लोंबकळत असलेलं.

या वाक्यांचं व्याकरण बघा. घोंगडं भिजत पडलं, फाईल अडकली, निधी पडून राहिला. कर्ता सगळीकडे घोंगडं, फाईल आणि निधी. ज्याने सही केली नाही तो वाक्यात कुठेच नाही. गरीब माणूस बसला तर ‘तो’ रिकामटेकडा. अधिकारी बसला तर ‘फाईल’ रखडली. ‘ढिम्म’ हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द, कारण तो निदान कुणालातरी चिकटतो. पण तोही बहुतेक वेळा ‘प्रशासन’ नावाच्या बिनचेहऱ्याच्या प्राण्याला. ‘स्थितप्रज्ञ’ हा गीतेतला मोठा शब्दही आता टोमण्यापुरता उरलाय. कितीही अर्ज आले तरी मन विचलित होऊ न देणारे साहेब.

मुद्दाम थांबण्याचे शब्द याच्या उलट. संप, बंद, हरताळ, चक्का जाम. इथे थांबणं हीच कृती आहे. ‘हरताळ’ गुजराती ‘हडताळ’चा नातेवाईक: हाट म्हणजे बाजार, त्याला ताळं. मात्र ‘नियमांना हरताळ फासला’ मधला हरताळ वेगळाच आहे. तो पिवळा खनिज रंग. पोथीत चूक झाली की लेखनिक त्यावर हरताळ फासून अक्षर झाकायचे, म्हणजे त्या काळचा व्हाइटनर. दोन्ही एकच समजून लिहिलेल्या पोस्ट अधूनमधून दिसतात.

‘संप’ संपण्याशी जोडला जातो, पण गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. मराठी संपातही महत्त्वाचं काम थांबणं नाही, सगळ्यांनी मिळून थांबणं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार थांबले. बऱ्याच गिरण्या नंतर पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. कामगारांच्या थांबण्याला संप म्हणतात, आणि मालकाने फाटक लावलं की टाळेबंदी. दोघांनाही आपलं नाव असलेले शब्द मिळाले.

न हलवता ठेवलं की होणाऱ्या गोष्टी

थांबणं म्हणजे काही न घडणं, असं सगळीकडे नसतं. हे स्वयंपाकघराला आणि शेताला चांगलं माहीत आहे.

लोणचं बरणीत मुरतं. दूध विरजलं की भांडं हलवायचं नाही, नाहीतर दही नीट लागत नाही. गढूळ पाणी एका जागी राहू दिलं की ‘निवळतं’. पूर्वी माठाला आतून निवळीचं बी घासायचे, म्हणजे गाळ लवकर खाली बसायचा. तिथूनच भांडणानंतर ‘वातावरण निवळलं’ आलं. ‘मुरणे’ मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे. मुरलेला गायक ही स्तुती, मुरलेला राजकारणी म्हणताना आपण थोडं हसतो, आणि ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणजे चौकशी लावा.

शेतीत ‘पड’ हा शब्द आहे. एखाद्या हंगामात पेरणी न करता जमीन मोकळी ठेवली की ती पड. शेतीच्या आकडेवारीत ‘चालू पड’ असा रकानाही असतो. मुद्दाम पड टाकलेली जमीन विश्रांती घेत असते. ‘पडीक’ म्हटलं की मात्र कुणी वालीच नाही असं वाटतं. एका ‘क’चा फरक.

रसायनशास्त्राने तर कमाल केलीय. हेलियम, निऑन, अरगॉन हे वायू सहसा कुणाशीच अभिक्रिया करत नाहीत. म्हणून त्यांना निष्क्रिय वायू म्हणतात, आणि दुसरं नाव आहे ‘राजवायू’. काही करत नाही, म्हणून राजा.

आणि हक्काची विश्रांती

‘विश्रांती’च्या पोटात ‘श्रम’ आहे, धातू तोच. श्रमानंतर येते ती विश्रांती, असं हा शब्दच सांगतो. म्हणून ज्याचे श्रम मोजले जात नाहीत त्याने विश्रांती घेतली की लोकांना ती दिसत नाही, लोळणं दिसतं. ‘सुट्टी’त सुटणं आहे. ‘वामकुक्षी’ म्हणजे डावी कूस, जेवल्यावर तिच्यावर घटकाभर पडायचं म्हणून झोपेलाच ते नाव. पुण्यातल्या ‘१ ते ४ बंद’ पाट्यांवर इतके विनोद झालेत की मी नवा करत नाही. ‘आराम पडला’ म्हणजे बरं वाटलं. धंदा पडला, भाव पडला, तोंडावर पडला अशा रांगेत ‘आराम’ हा एकच सुखाने पडतो.

आणि ‘रजा’ अरबीतून आली. तिथे ‘रिझा’ म्हणजे संमती, मर्जी. नोकरदार माणूस रजा घेतो, म्हणजे खरं तर कुणाची तरी मर्जी घेतो. म्हणून अर्जात ‘रजेचे कारण’ असा रकाना असतो. आजारपण चालतं, लग्न चालतं, गावची जत्रा चालते. ‘काही करायचं नाहीये’ असं लिहून रजा मंजूर झालेली मी अजून बघितलेली नाही. मी तिथे ‘वैयक्तिक काम’ लिहिते. त्या दिवशी दुपारी मैत्रिणीचा मेसेज येतो, काय करतेयस म्हणून.

काही नाही, बसलेय.